अंध संगणकवाल्यांचे ग्रुप का आटले?

कृष्णाकाठ (सांगली)

अंध माणसानं संगणक कुणाकडून शिकायचा, या प्रश्नाला पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक सरळ उत्तर होतं: दुसऱ्या अंध माणसाकडून, ईमेलवर. आज ते उत्तर उरलेलं नाही, आणि त्याच्या जागी नेमकं काय आलं हे मला नीट सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

डोळस वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आम्ही माउस वापरत नाही. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं आणि बाकी सगळं कीबोर्डवर. वेबपानावर 'एच' दाबला की पुढचं शीर्षक, 'के' दाबला की पुढची लिंक, 'ई' दाबला की लिहायचा चौकोन. इन्सर्ट धरून एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर. हे कुठल्या साध्या क्लासात शिकवत नाहीत. तिथले सर चांगल्या मनाचे असले तरी म्हणणार, "त्या कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक कर." चाक कुठलं आणि कोपरा कुठला! त्यामुळे जो अडला त्यानं, आपल्या आधी तिथंच अडून बाहेर पडलेल्याला गाठायचं, एवढाच रस्ता होता.

गाठायची जागा म्हणजे मेलिंग लिस्ट: एका पत्त्यावर ईमेल लिहिलं की ते सगळ्या सभासदांना पोचतं. भारतात 'अ‍ॅक्सेस इंडिया' ही सगळ्यांत गाजलेली. शिवाय याहू ग्रुप्सवर ढिगानं होत्या: जॉज हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची, प्रोग्रामिंग करणाऱ्यांची, आवाजावर चालणारे गेम खेळणाऱ्यांची. विंडोजवरचा जॉज १९९५ पासून आहे. त्याची किंमत साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरची, आणि चाचणीसाठी फुकट मिळायचा तो ४० मिनिटं चालायचा. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. माझ्या पिढीतले कित्येक जण टायपिंग शिकले ते असं हप्त्याहप्त्यानं. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि तो विनामूल्य असल्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरी पोचला. त्याची पहिली बातमी मला लिस्टवरच कळली. दुसरीकडून कळणार तरी कशी?

लिस्टवर शिस्त कडक होती. उत्तर वर, जुना मजकूर खाली. डोळस इंटरनेटवाले बरोबर उलटं सांगायचे, की आधीचं वर ठेवा म्हणजे संदर्भ लागतो. आम्हाला ते परवडत नाही. पाच जणांची जुनी पत्रं ऐकून संपवायची तेव्हा कुठं नवं वाक्य हाती लागणार, हा छळ कोण सोसेल. विषयाच्या ओळीत नेमका प्रश्न लिहायचा. स्क्रीनशॉट चालणार नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचं नाव काढायचं नाही. (नाव न काढता काय काय चालायचं ते राहू द्या.)

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूनं ग्रुपवर नवं साहित्य चढवणं बंद केलं, पाठोपाठ जुनं पुसून टाकलं, आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद केली. काही ग्रुप ग्रुप्स-डॉट-आयओवर गेले, काही गूगल ग्रुप्सवर. बरेच वाटेतच विरले.

माझं म्हणणं असं आहे. माणसं कमी झालेली नाहीत. अंध माणसं आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऑनलाइन आहेत. मदतसुद्धा मिळते, बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा लवकर मिळते. पण ती एकाला मिळते आणि तिथंच संपते. आमच्या बँकेचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा व्हाउचरचा एक तक्ता स्क्रीन रीडर वाचेचना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तासाभरात दोघांनी बोलून उत्तर पाठवलं, काम झालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाखेतला अंध सहकारी तिथंच अडला. ते उत्तर आता शोधणार कुठं? व्हॉइस नोटमधला शब्द शोधता येत नाही. मधल्या काळात माझा फोन बदललेला. तो ग्रुपमध्ये नंतर आलेला, त्यामुळे त्याला मागचं काही दिसत नाही. त्यानं परत विचारलं, परत कुणीतरी बोलून पाठवलं. उद्या तिसरा विचारेल.

सातारा-सांगलीकडचे कुणी अंध वाचक असाल तर सांगा, अडल्यावर तुम्ही आता कुठं जाता?

भडंगप्रेमी

वाचतोय. एक डोळस अडाणी प्रश्न विचारू का? आता फोनला तोंडी सांगितलं की सगळं होतं म्हणतात. मग संगणक लागतोच कशाला?

कृष्णाकाठ

विचारा की, त्यात काय. पन्नास रकान्यांची एक्सेल शीट फोनवर उघडा, डोळे मिटा आणि एकोणिसाव्या रकान्यातली बेरीज का चुकली ते शोधा. नोकऱ्या अजून संगणकावर आहेत, राव.

निळी_शाई (कराड)

मी पूर्ण अंध, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, सोबत स्पर्धा परीक्षा. कृष्णाकाठ सर, तुमचा मान राखून असहमत.

त्या लिस्टांचा शेवटचा काळ मी पाहिलाय. शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते, इंग्रजी बेताचं. पहिलाच प्रश्न विचारला आणि पहिलंच उत्तर आलं, "आधी जुनी पत्रं शोधा, हे विचारून झालंय." जुनी पत्रं कशी शोधायची हे विचारायची हिंमत झाली नाही. तिथं आठ-दहा जण होते, सगळे पुरुष, सगळे मोठ्या शहरातले, सगळे नोकरीला लागलेले. ते एकमेकांशी बोलायचे, बाकीचे नुसते ऐकायचे. ज्याला तुम्ही शिस्त म्हणताय त्याचा आम्हाला धाक वाटायचा.

टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनवरचा स्क्रीन रीडर, मी मैत्रिणीकडून शिकले, शाळेच्या होस्टेलवर, एका फोनवर चौघी. एनव्हीडीए शिकले यूट्यूबवर एका अंध मुलाच्या हिंदी व्हिडिओंवरून. पुस्तकं सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून घेते, पाकिटावरचा मजकूर वाचायला 'बी माय आइज' हे अ‍ॅप. आणि अडलं की चॅटबॉटला विचारते. तो दहा वेळा तेच विचारलं तरी वैतागत नाही, आणि मराठीत उत्तर देतो.

लिस्ट गेल्या याचं मला दुःख नाही. ज्यांचं तिथं चालायचं त्यांना ते वाटणार, हे समजू शकते.

पोवईनाका (सातारा)

मी डोळस. साताऱ्यात कॉम्प्युटर सेंटर चालवायचो. दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटल्या.

माझ्याकडे एमएससीआयटीला पहिला अंध विद्यार्थी आला तेव्हा मला काहीही येत नव्हतं. त्यानंच पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए आणला होता. एनव्हीडीए बोलायचा इतका भरभर की मला एक अक्षर कळेना. मग त्यानं मला एक गोष्ट दाखवली, ती शिकवणाऱ्या प्रत्येक डोळस माणसाला माहीत पाहिजे: एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये 'स्पीच व्ह्यूअर' आहे. तो चालू केला की स्क्रीन रीडर जे बोलतो ते एका खिडकीत लिहून येतं. विद्यार्थी ऐकतो, मी वाचतो. तिथून आमची गाडी रुळावर आली.

हे त्याला कुणी सांगितलं? कुठल्यातरी लिस्टवर वाचलं होतं म्हणे. मी पुढच्या सगळ्यांना सांगितलं. पण लिहून मात्र आज पहिल्यांदा ठेवतोय.

कोडकिडा

धागाकर्त्यानं सगळं खापर याहूवर फोडलंय असं नाही, पण याहूची अजून एक करामत सांगायला पाहिजे. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या ईमेलसाठी एक नियम कडक केला: पत्र याहूचा पत्ता लावून आलं पण याहूच्या सर्व्हरवरून आलं नाही, तर ते नाकारा. बनावट पत्रं थांबवायला हे ठीकच. पण मेलिंग लिस्ट करते काय? तुमचं पत्र घेते आणि तुमच्याच नावानं बाकीच्यांना पाठवते. म्हणजे नियमाच्या नजरेत प्रत्येक लिस्ट लबाड ठरली. याहूच्या सभासदानं लिहिलं की ते पत्र जीमेल वगैरेंकडून परत यायचं. पत्रं परत येतायत म्हणून लिस्टचं सॉफ्टवेअर त्या बिचाऱ्या जीमेलवाल्यांनाच आपोआप काढून टाकायचं. त्यांनी काही केलेलं नसायचं, त्यांना पत्ताही नसायचा. माणसाला वाटायचं ग्रुप थंडावला. प्रत्यक्षात तो ग्रुपबाहेर असायचा. एओएलनंही त्याच महिन्यात तेच केलं. नंतर लिस्टच्या सॉफ्टवेअरात उपाय आले, पण छोट्या ग्रुपला ते बसवून देणार कोण?

दुसरं, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांच्या हातात थेट फोन आला. ईमेल हा प्रकार त्यांनी फक्त अकाउंट उघडण्यापुरता पाहिला. निळी_शाई यांची पिढी लिस्ट सोडून गेली असं नाही, ती तिथं आलीच नाही.

तिसरं, दुसऱ्यांच्या घरात मुक्काम टाकला की मालक कधी भिंत पाडेल सांगता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरनं बाहेरची अ‍ॅप बंद केली. अंध लोक बरेचसे त्याच अ‍ॅपवर होते, कारण ती कीबोर्डवर सुटसुटीत चालायची. त्याच वर्षी रेडिटनं बाहेरच्या अ‍ॅपना दर लावायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या अंधांच्या गटानं आवाज उठवला. शेवटी काही सुलभ अ‍ॅपना सूट मिळाली. २०२४ च्या सुरुवातीला जीमेलचं साधं एचटीएमएल रूप गेलं, जे स्क्रीन रीडरवर फार सोपं पडायचं. आणि २०२४ च्या जुलैत अ‍ॅपलव्हिस, म्हणजे अ‍ॅपल वापरणाऱ्या अंधांची २०१० पासूनची जागा, ऑगस्टअखेर बंद होणार असं जाहीर झालं. ते शेवटच्या क्षणी 'बी माय आइज'नं सांभाळायला घेतलं म्हणून वाचलं. जगभरची इतकी वापरलेली जागा जर अशी काठावर येत असेल, तर सांगलीतल्या ग्रुपचं काय घेऊन बसलात.

मिरजेची_तार

मी साठी ओलांडलेला, मिरजेचा. दहाव्या वर्षी नजर गेली. हार्मोनियम वाजवतो, आणि पोटासाठी टेलिफोन ऑपरेटर होतो. आमच्या वेळी शिकलेल्या अंधाला नोकरी म्हणजे ऑपरेटर, नाहीतर खुर्च्या विणणं, नाहीतर संगीत शिक्षक. बोर्ड गेले, ऑपरेटर गेले. मग साहेब म्हणाले संगणक शिका. तेव्हा मी चाळिशी गाठलेली.

मला लिस्टनं शिकवलं हे खरं. पण त्या पोरीचंबी खरं हाय. लई वस्ताद बसलेले असायचे तिथं. मलाबी झापलंय.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ग्रुप चालवायचा म्हणजे कुणीतरी एक माणूस मरतो त्याच्यात. भांडणं सोडवा, जाहिराती काढा, कोण कुणाच्या संस्थेबद्दल काय बोललं ते मिटवा, निवडणुकीच्या दिवसांत राजकारण थांबवा. पगार नाही, आभार नाहीत. मी दोन वर्षं एका ग्रुपचं राखणदारपण केलं, बायकोनं शेवटी विचारलं की आपल्या घरात हे कोण राहतंय. असा माणूस थकला, आजारी पडला, पोराकडं पुण्याला गेला, की ग्रुप संपला. पासवर्डबी त्याच्याकडंच.

आणि व्हॉट्सअ‍ॅपला नावं ठेवताय तर त्यातलं खरं दुखणं सांगा की. रोमन अक्षरात लिहिलेलं मराठी! माझ्या फोनचा इंग्रजी आवाज त्याचं जे काय करतो ते ऐकून जेवण जाईल. भाच्याचा 'येतोय का' हा साधा निरोप मला तीन वेळा ऐकून, मग अक्षर अक्षर करून कळतो. देवनागरीत लिहा म्हणून सांगून थकलो. त्यापेक्षा व्हॉइस नोट बरी वाटते, म्हणून सगळे तिकडं गेले. २०१९ च्या पुरात तर कहर. आयर्विन पुलाची पातळी किती झाली ते जो तो फलकाचा फोटो काढून टाकतोय. माझा फोन म्हणतोय 'फोटो', 'फोटो', 'फोटो'. पाणी किती फूट, ते शेजारच्या पोराला हाक मारून विचारलं.

कृष्णाकाठ

तारकाका, पातळीचं अगदी अगदी. आमच्याकडेही तेच.

निळी_शाई, झापाझापीचा मुद्दा मान्य. तो नाकारण्यात अर्थ नाही, इथंच दोन साक्षीदार झाले. पण चॅटबॉटबद्दल थोडं बोलतो. मीही वापरतो. मागे मी एकाला वर्डमधल्या एका कामाची कळ विचारली. त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं अशी जोडी सांगितली जी एनव्हीडीएत अस्तित्वातच नाही. नाही म्हटल्यावर माफी मागून दुसरी सांगितली, तीही नाही. डोळस माणूस चुकीची कळ दाबतो तेव्हा काय उघडलं ते त्याला दिसतं. मला आधी आपण कुठं येऊन पडलो ते शोधावं लागतं.

आणि त्याला जे बरोबर येतं ते तो कुठून शिकला? आपल्यासारख्यांनीच कुठंतरी उघड्यावर लिहून ठेवलेल्या प्रश्नोत्तरांतून. नवीन आवृत्तीची अडचण व्हॉइस नोटमध्ये सुटली तर ती त्याच्यापर्यंतही जाणार नाही.

मराठीचे प्रश्न तर आणखीच वेगळे. उदाहरण घ्या जुन्या फॉन्टचं. श्रीलिपी, कृतीदेव, आकृती यांत टाइप केलेली पत्रकं आणि ठराव आजही ऑफिसांत पडून आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत संगणकानं साठवलेलं असतं इंग्रजीचं एखादं अक्षर नाहीतर चिन्ह. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, आतलं वाचतो. त्यामुळे तुम्हाला स्वच्छ मराठी दिसतं आणि मला ऐकू येतो निव्वळ कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत, बदलून देणारी साधनं आहेत, पण ती दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलटं, तिथं नंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून मी नवीन साधन मिळालं की त्याला 'किर्लोस्करवाडी' खायला घालतो. वेलांटी आणि रफार दोन्ही शेजारी शेजारी. तो शब्द नीट बाहेर आला तर पुढचं पत्रक द्यायचं.

ही युक्ती मला एका मराठी अंध गृहस्थांनी ईमेलवर सांगितली होती. शब्द त्यांचा वेगळा होता, आपल्या भागातला मी घेतला.

निळी_शाई

किर्लोस्करवाडी उचलली! आमच्या कॉलेजातले जुने नोट्स त्या फॉन्टातच आहेत.

सर, सगळं उघड्यावर हवं असं तुम्ही म्हणता, तिथं मात्र मी अडते. तुमची अडचण व्हाउचरच्या तक्त्याची होती. मला होस्टेलवर विचारायचं होतं, पाळीच्या डागाचं कसं ओळखता. लग्नाच्या स्थळाला आपण अंध आहोत हे फोनवर कधी सांगायचं. असले प्रश्न मी गूगलला सापडतील अशा ठिकाणी माझ्या नावानं विचारू? आमच्या बंद ग्रुपमध्ये साठ मुली आहेत, पुरावा ठेवायचा नाही हाच तिथला नियम आहे, आणि म्हणूनच तिथं बोलता येतं. तुमच्या लिस्टांवर हे प्रश्न कधी आलेच नसतील. न सुटलेले प्रश्न मोजायला कुणी नसतं.

कृष्णाकाठ

नाही आले. बरोबर. मग दोन्ही लागतील, तुमचा बंद ग्रुप आणि एक उघडी वही. मला वहीची काळजी आहे.

कोडकिडा

वहीवरून आठवलं. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून 'रिमोट अ‍ॅक्सेस' आतच आलंय. आधी २०१५ पासून ते वेगळं जोडावं लागायचं. दोघांनी एकच किल्ली टाकली की कराडच्या माणसाचा संगणक सांगलीच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कानात ऐकू येतो आणि तो इथून कळा दाबतो. कमाल सोय आहे. पण कृष्णाकाठ यांच्या तक्रारीत भरच पडते. पूर्वी उत्तर लिहावं लागायचं कारण दुसरा उपाय नव्हता. आता लिहायचं कशाला, मीच येऊन करून देतो. सोय जितकी वाढते तितकं लिखाण घटतं.

भडंगप्रेमी

आपलं दुकान आहे, निरोप सगळा व्हॉट्सअ‍ॅपवर, रोमनमध्येच. एक अंध गिऱ्हाईक नेहमी उलट फोन करतं, आज कळलं का. बदलतो.

यार्डातली_हळद (सांगली)

नमस्कार. फक्त वाचत होतो, पण विचारायचं आहे म्हणून आज खातं उघडलं.

माझे काका सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत. वय ५६. काचबिंदूनं नजर हळूहळू गेली, आता उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले गेलेली परत येणार नाही. हिशेब सगळे तोंडपाठ. मालक चांगले आहेत, पण किती दिवस? काकांना संगणक आधी यायचा, माउसवर. तुम्ही लोक जे बोलताय त्यातलं निम्मं मला कळलं नाही. सुरुवात कुठून करू? काका दिवसभर गप्प बसून असतात. काकू म्हणते, त्यांच्यासमोर हा विषय नको.

निळी_शाई

दादा, आधी कागदाचं सांगते. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज करा, तपासणी सिव्हिलला होईल. एसटीच्या सवलतीपासून पुढं सगळीकडे ते लागतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) मध्ये नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकायचं नाही, पदावनती करायची नाही असं आहे, पण ते सरकारी आस्थापनांना लागू. काकांच्या पेढीला नाही. म्हणून मालकांशी वेळेत आणि स्पष्ट बोला, काकांना बाजूला बसवून नाही, त्यांनाच बोलू द्या. विषय नको म्हणणाऱ्या काकूंनाही हळूहळू सामील करा.

मिरजेची_तार

बाळ, काकांना म्हणावं चाळिशीत मी शिकलो, पन्नाशीत तुम्ही शिकाल. त्यांना हिशेब येतो, अर्धं झालं. नजर गेलेल्या माणसाला पहिल्यांदा कीबोर्डची भीती वाटते, चुकीचं काही दाबलं जाईल म्हणून. एनव्हीडीए टाकून द्या, मग इन्सर्ट धरून वरच्या ओळीतला १ दाबा. आता ते कुठलीबी कळ दाबूदेत, तो फक्त नाव सांगणार, काही बिघडणार नाही. परत तेच दाबलं की नेहमीसारखा. एक-दोन दिवस नुसतं तेवढंच खेळूद्यात. 'एफ' आणि 'जे' वर बारीक उंचवटा असतो, बोटं तिथं ठेवायची. आवाजाचा वेग एकदम कमी करा. पहिल्यांदा तो आवाज पत्र्यासारखा लागतो, चिडतील. चिडूद्यात.

पोवईनाका

आणि तुम्ही शेजारी बसणार असाल तर स्पीच व्ह्यूअर चालू ठेवा, वर लिहिलंय. त्यांच्या हातावर हात ठेवून कळा दाबायच्या नाहीत. मी हे करायचो, तो विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही शिकताय की मी?"

कोडकिडा

हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठलं आहे ते इथं नको, व्यनित (खासगी निरोपात) कळवा. काही पॅकेज स्क्रीन रीडरशी अजिबात बोलत नाहीत. तसं असेल तर नोंदी एक्सेलमध्ये करून तिथून आत घेता येतात का ते बघू. आणि जे निघेल ते इथं परत येऊन लिहा, कंपनीचं नाव न घेता चालेल.

यार्डातली_हळद

लिहितो. काल रात्री काकांना हा धागा वाचून दाखवला. मधेच थांबवून त्यांनी दोनदा 'मिरजेची तार' परत वाचायला लावली. आज एनव्हीडीए टाकला. त्यांचा पहिला प्रश्न: कीबोर्ड लॅपटॉपचाच चालेल की वेगळा घ्यावा? आकडे सगळे उजवीकडच्या पॅडवर टाकायची सवय आहे.

कृष्णाकाठ

वेगळा घ्या, नंबर पॅडवाला, जाड कळांचा, साधा स्वस्तातला. फक्त एक लक्षात ठेवा. नम लॉक बंद असताना एनव्हीडीए त्याच पॅडवरच्या कळा ओळ, शब्द, अक्षर वाचायला वापरतो. ७-८-९ ओळींसाठी, ४-५-६ शब्दांसाठी, १-२-३ अक्षरांसाठी. नम लॉक चालू केला की आकडे उमटतात. दिवाणजींना दोन्ही लागणार, रक्कम टाकायची आणि टाकलेली तपासायची.

यार्डातली_हळद

काका विचारतायत, नम लॉक चालू आहे की बंद ते दिवा न बघता कळणार कसं?

कृष्णाकाठ

कळ दाबली की एनव्हीडीए बोलून सांगतो, चालू की बंद. विसरले तर दोनदा दाबायचं, आहे त्या जागी परत येतं.